पाटी घेऊन श्रीपूरला

शाळेने सहल नाकारली म्हणून दहावी 'क'ची पोरं रागाने पळून गेली, असं आमच्या भागात अजून बोललं जातं. ते साफ खोटं आहे. एक तर आमच्या तुकडीची सहल शाळेने कधी काढलीच नव्हती, तेव्हा नाकारायला होतं काय? आणि दुसरं, आम्ही पळून गेलो नाही. दिवसाढवळ्या, गणवेश घालून, टेम्पोत बसून गेलो. राग मात्र होता. तो अजूनही आहे, आणि तो गिळून गोड गोड प्रवासवर्णन लिहायचा माझा विचार नाही.

आमची शाळा सोलापुरात पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्ल्यांमध्ये. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की मागांची खडखड आत येते आणि बाई काय शिकवतात ते ऐकू येत नाही. बंद केल्या की जीव उकडतो. आम्ही पाचवीपासून उकडून घेणंच पसंत केलं. मी श्रीलता. घरी तेलुगू बोलतो, नायना म्हणजे माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. वर्गात आम्ही सगळे मिळून एकवीस जण आणि एक सुनंदा. हिशेब असाच मांडते, कारण भांडण त्यावरूनच आहे.

शाळेत दरवर्षी वर्गाचा फोटो निघतो. मैदानातल्या कडुनिंबाखाली बाक मांडायचं, त्यावर शिक्षक, मागे उंच मुलं, पुढे जमिनीवर बुटकी. आणि अगदी मधोमध जी सगळ्यात बुटकी, तिच्या मांडीवर पाटी. पाटीवर खडूने इयत्ता, तुकडी, साल. पाचवीत सुनंदा सगळ्यात बुटकी होती म्हणून पाटी तिच्याकडे आली. आठवीत ती ताडासारखी वाढली, माझ्याही वर गेली, पण फोटोच्या दिवशी खाली मांडी घालून बसली ती बसलीच. "पाटी माजी हाय," म्हणाली. कुणी वाद घातला नाही. पाटीवरचं अक्षरही तिचंच. 'क'चं पोट ती इतकं मोठं काढायची की त्याला जेवायला वाढावंसं वाटे.

सुनंदा मूळची मंगळवेढ्याकडच्या कोरडवाहू गावची. घरी मेंढरं, थोडं रान, आणि दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला. शिकण्यासाठी तिला कुंभारीला आत्याकडे ठेवलं होतं, तिथून ती सिटी बसने यायची. यंदा दिवाळीच्या आधीच, घरी वैरण तोडताना आईच्या हाताला कोयता लागला. ऊसतोडीत एकट्या माणसाला काम नसतं. नवरा-बायको दोघं मिळून एक 'कोयता' मोजतात. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधून वाहायच्या. आईचा हात थांबला तर कोयता मोडला. तो पुरा करायला वडील सुनंदाला घेऊन गेले.

बोर्डाचे फॉर्म भरायच्या वेळी आत्या शाळेत आली. पोरगी परीक्षेला येईल, तेवढा फॉर्म भरून घ्या, म्हणाली. मुख्याध्यापक म्हणाले, हजेरी भरत नाही. आता आमचा सलीम आठवड्यातले तीन दिवस मामूच्या टेम्पोवर असतो, त्याची हजेरी कुठून भरली ते सरांनाच ठाऊक. पण सलीम पास होणार याची त्यांना खात्री होती. सुनंदा काठावरची. आमच्या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो आणि तो कसा लागतो हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खडे आधी वेचून बाहेर टाकायचे, आणि मग आमचे तांदूळ बघा किती स्वच्छ, म्हणून आपणच आपली पाठ थोपटायची.

यंदाच्या फोटोला पाटीच नव्हती. तिच्या जागी फ्लेक्स आला. फ्लेक्सवर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, मुख्याध्यापकांचा फोटो, खाली कोपऱ्यात 'दहावी क'. म्हणजे फोटोत त्यांचा फोटो. मी विचारलं, "सर, सुनंदाला बोलावून घ्यायचं का? एका दिवसासाठी येईल ती." सर म्हणाले, "जी पटावर नाही ती फोटोत कशाला?" आणि शेवटच्या पेपरला निघताना वर ही तंबी, की परीक्षा संपल्यावर शाळेच्या गणवेशात कोणी कुठे उंडारताना दिसता कामा नये.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तेव्हाच ठरलं. सुनंदाकडे जायचं, गणवेशात जायचं, आणि आमचा फोटो आम्हीच काढायचा. पाटी अडगळीच्या खोलीत होती. शिपाईकाकांनी खोली उघडली, "मला काय दिसलं न्हाय," म्हणाले आणि मी आत असेपर्यंत कडुनिंबाकडे बघत उभे राहिले.

कुंभारी

टेम्पो सलीमच्या मामूचा. एरवी त्यात चादरींचे गठ्ठे असतात. मामू म्हणाला, गठ्ठे काय आणि तुम्ही काय, फरक एवढाच की गठ्ठे बोलत नाहीत. मुलींच्या घरून परवानगी मिळाली ती मामीमुळे. मामी सोबत येणार म्हटल्यावर माझ्या अम्माचा विरोध गळाला. नायनांचा प्रश्न वेगळाच होता: "फोटोसाठी एवढ्या लांब? आपल्याकडे स्टुडिओ संपले का?" पण भिंतीवर त्यांनी फोटोसाठी खिळा आधीच ठोकून ठेवला होता. आमच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली मी पहिली.

श्रीपूर सोलापूरच्या एका टोकाला, कुंभारी दुसऱ्या. तरी आधी कुंभारीला जावं लागलं, कारण सुनंदाचा ठावठिकाणा फक्त आत्याला माहीत. सहा वर्षं एका बाकावर बसून मी तिचं घर कधी पाहिलं नव्हतं, याचं मला त्या दिवशी नवल वाटलं. सारखी सारखी घरं, रांगेत. आत्या दारात सूप घेऊन विड्या वळत बसली होती. टेम्पोतून निळ्या-पांढऱ्या गणवेशातली एवढी पोरं उतरताना बघून तिने हात थांबवला नाही, फक्त भुवया वर नेल्या.

"कशाला चाललाय तिकडं? ती काय जत्रंतला पाळना हाय व्हय, समद्यांनी बगायला जायाला?"

मी पाटी दाखवली. फोटोचं सांगितलं. आत्या ऐकत राहिली, विडीचं तोंड मिटत राहिली. मग सूप बाजूला ठेवून आत गेली. आतून पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात सुनंदाचा गणवेश होता, घडी मोडलेली नाही, ओढणी वेगळी गुंडाळलेली.

"दर महिन्याला धुतलाय म्या. नुसता ठिवला तर पिवळा पडतोय. तिला म्हनावं, आत्यानं धुतलाय. आनि ही चटनी द्या. ही तुमच्यासाठी न्हाय, वाटंत खाऊ नगा."

शेंगाच्या चटणीचा डबा आणि कडक भाकरींची चळत. सलीमने डब्याचा वास घेतला आणि आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो डबा पुढे मामीच्या ताब्यात गेला. टोळीचा तळ कुठे ते तिने नीट सांगितलं: कारखान्याच्या मागच्या बाजूला, पाटाच्या पलीकडे, टोळीच्या मुकादमाचं नाव घेऊन विचारा. आणि घाई करा. "चार-आट दिसांत पट्टा पडंल. एकदा कारखाना बंद झाला की टोळ्या उटल्या. मंग कुटं हुडकशीला?"

मोहोळ

पाटीवर मी टेम्पोतच 'दहावी क' आणि साल लिहून ठेवलं होतं. सुनंदासारखं पोट काढायचा प्रयत्न केला होता. पाटी कुणी धरायची यावर भांडण नको म्हणून ती बसायला टाकलेल्या एका गादीखाली सरकवली. इथेच चुकलं. मल्लिनाथ, म्हणजे आमचा मल्लू, अक्कलकोटकडचा कानडी गडी, तब्येतीने भरलेला, सावळेश्वरच्या पुढे एका खड्ड्यात उडाला आणि थेट त्या गादीवर आदळला. आवाज बारीकच झाला. पण सगळ्यांना ऐकू आला.

पाटी फुटली नव्हती. कोपऱ्यापासून मधोमध चीर गेली होती. मल्लू इतका घाबरला की कानडीत बोलायला लागला. सलीम म्हणाला, "रोता क्या रे? पाटी फुटी, बोर्ड का पेपर नहीं फुट्या." कुणी हसलं नाही.  ही पाटी घेऊन तिच्यासमोर उभं राहायचं म्हणून एवढा खटाटोप, आणि ती आम्हीच मोडून नेणार?

मोहोळला बाजारात थांबून नवी पाटी शोधली. स्टेशनरीवाल्याने आम्हाला नखशिखांत पाहिलं. "दगडी पाटी? आता कोन वापरतंय? हा घ्या की व्हाइटबोर्ड. पेन फुकट." प्लॅस्टिकच्या पाट्या होत्या, त्यावर कार्टूनची अस्वलं. एक क्षण मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मल्लूच म्हणाला, "नको. फुटली तर फुटली, तीच न्यायची." मामूने चौकटीभोवती टेम्पोतली तार आवळली, पिळून पिळून, आणि वर चिकटपट्टी लावली. पाटी हॉस्पिटलमधून सुटून आल्यासारखी दिसायला लागली. चीर होती तिथेच राहिली.

मुक्काम मोहोळलाच, मामीच्या बहिणीकडे. एवढी पलटण दारात बघूनही ती बाई गडबडली नाही. आमच्या घरी पाहुणे आले की आधी खुर्च्या, मग पाणी, मग चौकशी. इथे आधी लांबलचक चादर अंथरली गेली आणि सगळ्यांना दोन्ही बाजूंनी बसवलं; चौकशी जेवता जेवता. खिचडी आणि चिंचेचा खट्टा. मल्लू लिंगायत, घरात अंडंसुद्धा नाही. तो संकोचून बसलेला बघून त्या खालांनी, म्हणजे मामीच्या बहिणीने, कोरं पातेलं दाखवलं. "देख बेटा, नवा है. इसमें कुछ नै पका आज तक." मल्लूने नंतर जेवढं खाल्लं ते बघता पातेल्याचं सार्थक झालं.

ऊन कलल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. एकीकडे महामार्ग, दुसरीकडे ज्वारी काढून मोकळी झालेली रानं. आणि आपोआप शाळेचं निघालं. सहावीत सगळा वर्ग अंगठे धरून उभा होता, कारण एकानेही दुसऱ्याचं नाव सांगितलं नाही. पाढे आम्ही बंद खिडक्यांतूनही येणाऱ्या मागाच्या ठेक्यावर म्हणायचो. माग बंद पडला की पाढा अडकायचा, त्यामुळे वीज गेल्यावर आमच्या वर्गाला सत्ते आठ्ठे सुचत नाहीत, ही बाईंची कायमची तक्रार. डब्यात अंबाडीची भाजी असली की तिची तीन नावं. माझ्या घरी पुंटीकूर, मल्लूच्या घरी पुंडीपल्ल्या, आणि सुनंदा म्हणायची, "नाव कायबी ठिवा, मला निम्मी द्या." आम्हाला शाळेत 'ढ तुकडी' म्हणत. शिक्षकही म्हणत. नववीत एक नवे सर आले, त्यांनी विचारलं, तुमच्यात हुशार कोण? कुणीच हात वर केला नाही. सुनंदा उठली आणि म्हणाली, "सर, आमच्यात वाटून घेतलंय."

 हे आठवलं आणि मला मुख्याध्यापकांचा जो काही राग आला तो मी इथे लिहिला तर छापता येणार नाही.

सलीमने मात्र तेव्हाच तो प्रश्न विचारला जो आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता. "और वो नहीं बोली तो?"

"कशाला नाही म्हणेल?" मी म्हटलं. सलीमने खांदे उडवले.

श्रीपूर

टेंभुर्णीवरून डावीकडे वळलो आणि जिल्हा बदलल्यासारखं वाटलं. आमच्याकडे मार्चमध्ये डोळ्यांना हिरवं दिसायला भाजी मंडईत जावं लागतं. इथे नजर जाईल तिथे ऊस, पाटाला पाणी, आणि हवेत मळीचा आंबूस गोड वास, जो आधी आवडतो आणि अर्ध्या तासाने डोकं उठवतो. रस्त्यावर बैलगाड्यांची रांग, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांवर एवढ्या मोठ्याने गाणी की बैलांनाही पाठ झाली असतील. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा मी दचकले. आमच्या भागात मिलच्या भोंग्याच्या गोष्टी आजोबा सांगतात. भोंगा असतो कसा ते मी पहिल्यांदा तिथे ऐकलं.

तळावर पाचटाच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या, बाहेर चुली, दोऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी. मुकादम मोटारसायकलवर बसूनच बोलला. "कोन तुमी? शाळेकडनं आला? का पेपरवाले? फोटो-बिटो काडायचं न्हाय हां. गेल्या साली एक जन आला, पोरांचं फोटो काडून गेला, ताप आमाला झाला."

मल्लूने मोबाइल खिशात घातला. मामी पुढे झाली. "बच्ची के दोस्तां हैं. मिलने कू आए. मिलना भी मना है क्या?" मामीसमोर मामूचं चालत नाही तिथे मुकादम काय. त्याने तोडणी चालू असलेला फड दाखवला.

सुनंदा मला आधी ओळखू आली नाही. डोक्याला फडकं, अंगात वडिलांचा असावा असा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर उसाची मोळी. ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून ती वर चढत होती, न थांबता, खाली न बघता. वर गेली, मोळी टाकली, वळली, आणि आम्ही दिसलो. गणवेशातली एकवीस जणं बांधावर ओळीने उभी. मी हात हलवला. तिने हलवला नाही. खाली आली आणि पुढची मोळी उचलली.

ट्रॉली भरेपर्यंत ती आमच्याकडे आली नाही. मुलांना राहवेना, मदतीला धावली. पहिल्या पाच मिनिटांत सलीमचा पंजा उसाच्या पाल्याने कापला, मल्लूची मोळी निम्म्या वाटेत सुटून पसरली आणि टोळीतल्या बाया कामं टाकून हसल्या. एक म्हणाली, "आरं, मास्तरला सांगा, ह्यास्नी आदी मोळी बांदायला शिकीव."

मग सुनंदा आली. हसत नव्हती.

"तुमी मला इचारलं का, येऊ म्हनून?"

मी म्हटलं, "फोन लागत नव्हता. आम्हाला वाटलं, तुला आनंद—"

"समदी इस्त्रीच्या कपड्यात आलाय. मी ह्या अवतारात. लोकं बगत्यात. काय वाटलं आसंल मला वर फळीवर?"

 मी पिशवीतून तिचा गणवेश काढून पुढे केला आणि आत्याचा निरोप सांगितला. तिने हात शर्टाला पुसले, दोनदा पुसले, मग घेतला. ओढणीचा वास घेतला. तोंड फिरवून घडी काखेत धरली. तिचे वडील तोवर कोयता हातात घेऊन आले होते. अबोल माणूस, मान खाली.

"म्या काय हौसेनं आनली व्हय पोरगी?" त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. "कोयता एकट्याचा नसतोय. हिच्या आईच्या हाताला लागलं, तर करतो काय?"

"हमारा बी वैसाच है, चाचा," सलीम म्हणाला. हाताला फडकं गुंडाळून तो उभा होता. "एक कम पड्या तो फोटो नै होता."

मी पाटी काढली. तार, चिकटपट्टी, चीर, सगळ्यासकट. मल्लू म्हणाला, "मी बसलो तिच्यावर," आणि सुनंदा पहिल्यांदा हसली. पाटी तिने मांडीवर घेतली, सवयीने. बोट फिरवलं.

"ह्यो क कुनी लिवला? ह्याला पोटच न्हाय. उपाशी हाय त्यो."

सगळे हसलो, सगळे एकदम बोलायला लागलो. मागे उंच, पुढे बुटकी, बांध आमचं बाक. सुनंदाने कोपीत जाऊन गणवेश घालून यायचं, मुकादम जेवायला गेला होता तोवर पटकन एक फोटो. मल्लूने मोबाइल मामूकडे दिला. सगळं ठरलं आणि सुनंदा जागची हलली नाही.

"न्हाय," ती म्हणाली.

"काय नाही?"

"फोटो. हितं दहावी लिवलंय. तुमी दहावीची परीक्षा दिली. म्या दिली का? म्या कशी बसू?"

"पण आमच्यासाठी तू दहावी क मध्येच आहेस," मी म्हटलं. "सर काहीही म्हणोत."

"सरांचं सोड. त्येनी मला गाळलं, आनि तुमी मला उगंच बसीवताय. दोगांनीबी इचारलं न्हाय." आवाज चढला तिचा. "मला कनव नगं. परीक्षा देऊन बसीन. न दिता बसायचं, मंग सरांचंच खरं झालं की. म्हनतील, बगा, फोटोपुरती आली."

नाकाला मिरच्या झोंबतात तसं झालं मला. दोन दिवस टेम्पोत हाडं खिळखिळी करून घेतली, घरी भांडले, पाटी पळवली, आणि ही नाही म्हणते! मी भांडलेही. "मग आम्ही कशाला आलो?" असं अगदी ओरडून विचारलं. ती म्हणाली, "त्येच तर इचारतीया मी मगापासून." सलीम मध्ये पडला नाही. मोहोळच्या गच्चीवरचा त्याचा प्रश्न मला तेव्हा आठवला आणि त्याचाही राग आला.

मामी बांधावर बसली आणि सुनंदाच्या वडिलांना तिने सरळच विचारलं. अगले साल क्या? आई कशी आहे? वडील म्हणाले, हात बरा होत आलाय, बगू. मी आजवर जेवढे 'बगू' ऐकलेत त्यातलं एकही पुढे कुणी बघितलेलं मला माहीत नाही. पण मी तोंड उघडायच्या आत सुनंदाच बोलली.

"बगू न्हाय, दादा. जानार. पट्टा पडला की मी कुंबारीला जानार. सतरा नंबरचा फॉर्म भरनार, भायेरनं बसनार. तुमी हो म्हना नायतर नगा म्हनू."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. एवढ्या लोकांसमोर पोरीने असं बोललेलं त्यांना आवडलं नसावं. पण ते नाही म्हणाले नाहीत. कोयता खांद्याला लावून फडाकडे गेले.

सुनंदाने शर्टाची बाही ओली केली आणि पाटी पुसली. माझं सगळं लिहिलेलं पुसलं. माझ्याकडून खडू घेतला आणि 'दहावी क' लिहिलं, क चांगला ढेरपोट्या. साल लिहिलं नाही. तिथली जागा तशीच ठेवली.

"पाटी माजी हाय," ती म्हणाली. "माज्यापाशी ऱ्हाईल. पास झाले की बोलीवते. समद्यांनी यायचं. कोन मुंबईला आसंल, कुनाचं लगीन झालं आसंल, मला म्हाईत न्हाय. यायचं."

मग आम्ही कडक भाकरी आणि आत्याची चटणी खाल्ली, सगळ्यांनी. ती आमच्यासाठी नव्हती, पण सुनंदानेच वाढली. भाकरी मोडताना तिच्या हाताला पडलेले घट्टे मला दिसत होते आणि मी बघतेय हे तिलाही दिसत होतं. पुढची ट्रॉली आली तशी ती उठली.

पुन्हा सोलापूर

फोटो न काढता फोटोसाठी केलेला प्रवास सांगायला अवघड जातो. नायनांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे डिझेल जाळून नुसतेच आलात." मी म्हटलं, हो. येतानाच्या वाटेत मोहोळपर्यंत मी फुगूनच होते. तिथून पुढे कधीतरी राग उतरला आणि लक्षात आलं, की सुनंदाच्या जागी मी असते तर मुकाट्याने फोटोत बसले असते, हसून. ती बसली नाही. आणि आम्हाला म्हणे ढ तुकडी.

एप्रिलमध्ये आत्याचा निरोप आला, पोरगी आली. मी कुंभारीला गेले तेव्हा सुनंदा दारात पुस्तक घेऊन बसली होती आणि आत्या तिच्यावर ओरडत होती, की तेंदूपानांवर पुस्तक ठेवू नको. पाटी आत भिंतीला टेकवलेली, तार तशीच. फॉर्म अजून निघायचा आहे. वडिलांचं 'बगू' अजून पुरतं गेलेलं नाही. दिवाळीला पुन्हा ओढाताण होईल हे तिलाही माहीत आहे, आणि या वेळी ती ओढाताण तिला एकटीला करू द्यायची नाही हे आम्हाला.

निकाल लागला. शाळेचा शंभर टक्के. गुणपत्रिका आणायला गेलो तेव्हा प्रत्येकाला चौकटीत घातलेला एकेक फोटो मिळत होता, फ्लेक्सवाला. आम्ही तो घेतला आणि तसाच मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवला, एकावर एक. दोघांच्या आयांनी हट्टाने आपले घरी नेले, त्यांना मी बोल लावत नाही. बाकीच्या चौकटींची थप्पी सरांच्या हनुवटीपर्यंत आली.

"हे काय?" सर म्हणाले.

"हा आमच्या वर्गाचा फोटो नाही, सर."

 आम्ही गणवेशात टेम्पोतून गेल्याचं त्यांच्या कानावर आलंच होतं. मग त्यांनी चष्मा काढला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाळा, झालं आता. पास झालात ना सगळे? तुमचा वर्ग संपला."

घरी भिंतीवर नायनांनी ठोकलेला खिळा अजून मोकळाच आहे. त्याच्यावर कुणी कॅलेंडर लावायला गेलं तर मी लावू देत नाही.

"नाही संपला, सर," मी म्हटलं. "एक जण राहिलीय."